गाडीला घातलेली झूल

टेकचंद कापगते यांचं असं ठाम मत होतं, की तक्रार पहिल्यांदा येते तेव्हा ती तक्रार नसतेच. ती नुसती कुरकुर असते. दुसऱ्यांदा आली तर तिची नोंद घ्यावी आणि तिसरं स्मरणपत्र आलं तरच चष्मा पुसून वाचायला बसावं. कारण जगातल्या निम्म्या तक्रारी तिसऱ्या स्मरणपत्राच्या आधीच आपोआप मिटतात. साकोलीच्या एका सरकारी कचेरीत ते बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क होते आणि या तत्त्वावर त्यांनी उभी नोकरी काढली होती. साहेब आले, साहेब गेले, बडेबाबूंच्या टेबलावरचा ढीग कधी वाढला नाही आणि कधी कमी झाला नाही. एका साहेबांनी तर आपल्या निरोप समारंभात याबद्दल त्यांना जाहीर शाबासकी दिली होती.

हेच तत्त्व त्यांनी मोटारगाडीला लावलं. इथपर्यंतही सगळं हसण्यासारखंच होतं.

गाडी काळी होती, जुनी होती आणि एका राइस मिलवाल्याने ती विकताना सुटकेचा निःश्वास टाकला होता. कोणत्या कंपनीची ते सांगत बसत नाही. गाडीचा काहीच दोष नव्हता, हे पुढे खुद्द टेकचंदजींनीही मान्य केलं. बडेबाबू सायकलवरून उतरून मोटारीत बसले म्हटल्यावर कॉलनीत जे व्हायचं ते झालं. कोणी म्हणालं सासऱ्याने दिली, कोणी म्हणालं म्हातारपणी हौस आली. खरं कारण होतं गोदावरीबाई.

गोदावरीबाई म्हणजे टेकचंदजींची मोठी बहीण, पवनीला दिलेली. आई लवकर गेली तेव्हा या भावाला कडेवर घेऊन तिनेच वाढवलं, शाळेत घातलं, आणि स्वतःच्या लग्नात सासरच्यांना अट घातली की हा माझ्याबरोबर येईल. टेकचंदजी तिला 'बाई' म्हणत. माहेर चिचटोल्याचं. तिथला गावतलाव फुटला त्याला बरीच वर्षं झाली होती. पाळ वाहून गेली आणि तलावाच्या जागी नुसतं गवत वाढत राहिलं. गाडी आली त्या सालच्या उन्हाळ्यात पाळ पुन्हा बांधून झाली, पाऊसही बरा पडला, आणि पवनीच्या बाजारात कोणीतरी बाईला सांगितलं की चिचटोल्याचा तलाव काठोकाठ भरून राहिला आहे.

"टेका," ती म्हणाली, "मले एकदा पोळ्याले माहेरी ने. तलाव डोये भरून पाहाचा हाये. लहानपनी पायला तसा."

तिने भावाकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. चिचटोल्याला एसटी जात नव्हती आणि बैलगाडीचे धक्के आता बाईला सोसत नव्हते. म्हणून मोटार.

गाडी घरी आली आणि पहिल्या आठवड्यातच तिने तोंड उघडलं. सकाळी सुरू केली की बॉनेटखालून कुईऽऽ असा लांबलचक आवाज यायचा. शकुंतलाबाई, म्हणजे टेकचंदजींच्या पत्नी, तुळशीला पाणी घालता घालता थबकल्या.

"आयकलं का? गाडी कुईकुई करून राहिली."

"पहिल्यांदाच करून राहिली ना?" टेकचंदजी शांतपणे म्हणाले. "नव्या घरी आली तं रडनारच. तू नव्हती रडली?"

शकुंतलाबाई पुन्हा तुळशीकडे वळल्या. पण शेजारच्या केवळरामजींनी कुंपणावरून मान वर काढली. केवळरामजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. गाडीच्या इंजिनाशी त्यांचा संबंध आयुष्यभर घंटीच्या दोरीपुरता होता, पण ड्रायव्हरच्या मागे इतकी वर्षं उभं राहिल्यावर माणसाला काही न कळणं शक्यच नाही, असं त्यांना वाटायचं आणि हळूहळू आसपासच्यांनाही वाटायला लागलं होतं.

"पंख्याचा पट्टा होय थो," ते म्हणाले. "ढिला झाला असन. साबन चोपडा."

कपडे धुण्याच्या साबणाची वडी पट्ट्यावर घासण्यात आली. आवाज खरंच बंद झाला. टेकचंदजींनी शकुंतलाबाईंकडे अशा नजरेने पाहिलं, की तशी नजर साहेबांनीसुद्धा कधी त्यांच्यावर टाकली नव्हती. पुढे एकदा पावसात गाडी काढली तेव्हा बॉनेटच्या फटींतून फेस यायला लागला आणि गुजरीतला भाजीपाला बघायचा सोडून लोक गाडी बघत उभे राहिले, तो भाग वेगळा.

मग एके दिवशी गाडीखाली ओल दिसली. आता ओल म्हणजे तेल की पाणी, यावर कॉलनीत सभा भरली. एकजण म्हणाला पेट्रोल. त्याने बिडी पेटवायच्या आत त्याला दूर नेण्यात आलं. केवळरामजींनी बोट बुडवलं, हुंगलं आणि सर्वांच्या देखत जिभेला लावलं.

"पानीच होय. लोखंडाचं पानी. अंगाले चांगलं राहाते."

"मंग गळू द्यावं का?" टेकचंदजींनी विचारलं.

"गळू कायले देता? हळद टाका. माणसाचं रक्त थांबते हळदीनं, गाडीचं पानी नाही थांबनार?"

शकुंतलाबाईंनी डब्यातली हळद दिली, तीही सणासुदीची निवडक. ती रेडिएटरमध्ये गेली आणि गळणं थोडं कमी झाल्यासारखं दिसलं. गाडीखालची ओल तेवढी पिवळी झाली. ही दुसरी तक्रार, असं टेकचंदजींनी मनाशी नोंदवलं आणि ते नियमाप्रमाणे तिसरीची वाट पाहायला लागले.

तिसरी तक्रार आली होती, पण ती त्यांना दिसली नाही. गाडीच्या समोरच्या पट्टीवर एक छोटा काटा होता. इंजिन तापलं की तो वर चढायचा. शकुंतलाबाईंनी गाडीची पूजा केली तेव्हा गणपतीची एक सुबक तसबीर आणली आणि ती बरोब्बर त्या काट्यापुढे बसवली, कारण तेवढीच एक जागा सपाट होती. काटा बिचारा गणपतीच्या पाठीमागे वर चढत राहिला. देवाच्या आड काय चाललंय हे बघायची आपल्याकडे पद्धत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी टेकचंदजी केवळरामजींना सोबत घेऊन पवनीला पोचले. वाटेत दोनदा थांबून पाणी घालावं लागलं, पण गाडीलाही तहान लागते, असं केवळरामजी म्हणाले आणि ते पटण्यासारखं होतं. बाई ओट्यावर वाट पाहतच उभी होती. तिने गाडीवरून हात फिरवला, चाकांवर पाणी घातलं, दिव्यांना कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि निघायच्या वेळी बाई आतल्या खोलीत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातांत एक झूल होती. लाल कापडावर आरशांचे तुकडे, पिवळ्या दोऱ्याचे मोर, कडेला घुंगरू. तिच्या घरचा एक पांढरा बैल होता, त्याच्यासाठी तिने ती स्वतः शिवली होती. बैल गेल्यावर झूल पेटीतच राहिली होती.

"आज पोळा हाये," बाई संकोचून म्हणाली. "गाडीले घातली तं चालन का रे?"

चालेल का? टेकचंदजींनी झूल तिच्या हातांतून घेतली. त्यांनी स्वतः झूल बॉनेटवर पांघरली. पण ती मागे सरकायला लागली, म्हणून केवळरामजी पुढे झाले. "बैलाले कशी तोंडावरून येते, तशी समोर येऊ द्या," म्हणत त्यांनी ती पुढच्या जाळीवरून थेट बंपरपर्यंत ओढली आणि सुतळीने चारी बाजूंनी आवळून बांधली. वर झेंडूचा हार आणि एक लिंबू. दिव्यांना बेगड. गाडी अशी दिसत होती की गल्लीतले खरे बैल तिच्याकडे बघून बावरले.

रेडिएटरला वारा लागतो तो त्याच जाळीतून, हे तिथे कोणाला माहीत नव्हतं. ज्या गाडीचा पट्टा साबणावर आणि पाणी हळदीवर चाललेलं, तिचा श्वासही आता त्यांनी प्रेमाने बांधून टाकला होता.

पहिले काही कोस बाईसारखी सुखी बाई साऱ्या भंडारा जिल्ह्यात नव्हती. ती मागच्या सीटवर मधोमध बसली होती, दोन्ही खिडक्यांतून आळीपाळीने बघत. "रोवना मस्त झाला यंदा," ती धानाची लावणी झालेल्या बांध्यांकडे बघून म्हणाली. "टेका, गाडी काहीतरी बोलून राहिली."

"बोलू दे बाई. खुशीत हाये."

गाडी खुशीत नव्हती. एका खेड्याच्या वेशीशी येताच झुलीखालून वाफेचा लोट उठला, घुंगरू थरथरले आणि इंजिनाने एक आचका देऊन प्राण सोडला. हळदीच्या पाण्याचा रस्त्यावर ओघळ गेला. केवळरामजी झटकन उतरले, वाफेकडे बघितलं आणि जाहीर केलं, "गरम झाली." हे त्यांचं गाडीबद्दलचं पहिलं अचूक निदान होतं.

गावातले लोक जमले. त्यांत इतवारी नावाचा एक वयस्क शेतकरी होता, डोक्याला नवं पागोटं. टेकचंदजींनी त्याला सरकारी आवाजात सांगितलं, की एक बैलजोडी आणा आणि गाडी गावापर्यंत ओढून न्या.

इतवारीने कानावर हात ठेवले. "आज पोळा होय बाबू. आज बैलाच्या खांद्याले जू नाही लागत. देवाचा दिवस हाये त्याहीचा."

"मी साकोलीचा बडेबाबू हावो."

"असान. पन बैल काही कचेरीत नाही ना."

लोक हसले, पण वाईट मनाने नव्हे. शेवटी इतवारीच म्हणाला की बैलाला सुट्टी आहे, माणसाला कुठे आहे, आणि त्याने दोर आणला. आठ-दहा जण लागले. परक्या गावाने आपली गाडी ओढावी आणि आपण बाजूने चालावं हे बरं दिसेना, म्हणून टेकचंदजींनी नव्या टेरिकॉटच्या पँटचे पाय दुमडले आणि ते दोराच्या अगदी पुढच्या टोकाला लागले. केवळरामजींनी स्टिअरिंग धरलं, कारण तिथून त्यांना ओढणाऱ्यांवर हुकूम सोडता येत होते. बाई उतरायला लागली तर कोणी तिला उतरू दिलं नाही. पोळ्याला माहेरी निघालेली लेक पायी चालेल?

वरात गावात शिरली तेव्हा बैल तोरणाखाली उभेच होते. झूल, हार, बेगड बघून लोकांनी गाडीलाही त्यांच्या रांगेत उभं केलं. बायका ओवाळायला आल्या. त्यांनी बैलांना ओवाळलं, गाडीला ओवाळलं, आणि गावातल्या एका म्हातारीने, जिला बहुधा कमी दिसत असावं, दोराच्या टोकाला धापा टाकत उभ्या असलेल्या बडेबाबूंच्या कपाळालाही कुंकू लावून तोंडात पुरणपोळीचा घास दिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत टेकचंदजींचा असा सत्कार कधी झाला नव्हता. मागच्या सीटवर बाई तोंडाला पदर लावून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. पुढे टेकचंदजींना तिचं ते हसणं फार आठवायचं.

मग पोलीस पाटील आले. बाहेरगावची गाडी रात्रभर गावात राहणार, तर पंचनामा हवा. गाडी बेवारस नाही, मालक हा समोर उभा आहे, हे टेकचंदजींनी परोपरीने सांगितलं. पण पाटलांचं म्हणणं, मालक आहे हे पंचनाम्यात येऊ द्या. झूल एक, हार एक, लिंबू एक, असं सगळं उतरलं. कागदाला कागदाने अडवण्यात ज्यांचा जन्म गेला त्या बडेबाबूंनी त्या दिवशी पाटलांनी बोट ठेवलं तिथे सही केली. या सगळ्यात दिवस कलला. चिचटोला अजून बराच पुढे होता आणि तिकडे जायला काहीच नव्हतं.

पवनीची शेवटची एसटी धरायला ते सडकेवर येऊन बसले. झूल सोडून बाईने मांडीवर घेतली होती. तिच्या कडा वाफेने भिजून पिवळ्या झाल्या होत्या.

"माझ्याच झुलीनं घात केला रे," ती म्हणाली.

"नाही बाई. तुझ्या झुलीनं नाही." एवढं तरी ते लगेच म्हणाले.

"जाऊ दे. तलाव काय पळून जाते? पुढच्या पोळ्याले जाऊ." मग पानठेल्यावर लागलेल्या गॅसबत्तीकडे बघत ती म्हणाली, "टेका, बत्तीभोवती तुले असं रंगाचं कडं दिसते का? मले दिसून राहिलं. डोस्कंही दुखते."

"वाफ गेली असन डोयात," टेकचंदजी म्हणाले. त्यांचं मन गाडीपाशी होतं.

गाडी साकोलीला आणायला आणि उभी करायला दसरा उजाडला. मंगरू मिस्त्री हा मूळचा ट्रॅक्टरवाला. त्याने सगळं इंजिन उकललं, त्याचे तुकडे अंगणात धान वाळत घालावं तसे पसरले, आणि परत जोडल्यावर उरलेले नटबोल्ट शकुंतलाबाईंच्या हातात देऊन 'हे जास्तीचे होते' असं सांगितलं. पण या गाडीने टेकचंदजींचा स्वभावच पालटला. तत्त्व गेलं. आता पट्टा जरा कुजबुजला की नवा पट्टा. थेंब दिसला की नळी बदल. तेल, ग्रीस, पाणी, हवा, सगळं वेळच्या वेळी. गणपती त्यांनी हात जोडून दुसरीकडे हलवला. रोज सकाळी ते बॉनेटवर कान ठेवून उभे राहायचे, आणि केवळरामजी काही सांगायला लागले तर बोट ओठावर ठेवायचे. आपण सुधारलो, असं त्यांना वाटत होतं. एका गाडीपुरते ते सुधारलेही होते.

दिवाळीला बाई साकोलीला आली. फराळाला बसली तर पाण्याचा लोटा बाजूलाच असून तिच्या हाताने कलंडला. ती अंगणात आली तेव्हा टेकचंदजी गाडीखाली होते, त्यांचे फक्त पाय दिसत होते.

"टेका, मले बाजूचं नाही दिसत रे आताशा. समोरचं दिसते, पन बाजूचं जसं कोनी पुसून टाकलं."

"चष्म्याचा नंबर वाढला असन," गाडीखालून आवाज आला. "संक्रांतीनंतर भंडाऱ्याले जाऊ. बाई, जरा चूप राहा. इथं एक टिकटिक येऊन राहिली."

बाई चूप राहिली. ती नेहमीच चूप राहायची.

संक्रांत गेली. कचेरीत वर्षअखेरीचं काम निघालं. होळीच्या सुमारास पवनीच्या एसटीचा कंडक्टर केवळरामजींकडे निरोप देऊन गेला, की बडेबाबूंना सांगा, त्यांच्या बहिणीला आता उंबरठा दिसत नाही, पडली आहे. हे तिसरं स्मरणपत्र होतं. टेकचंदजींनी त्याच क्षणी गाडी काढली. गाडी कुठेही न अडखळता, न तापता पवनीला पोचली आणि तशीच बाईला घेऊन भंडाऱ्याला आली.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"गेलेली नजर परत येत नाही," ते म्हणाले. "आधी आणलं असतं, तर होती ती राखता आली असती. काही खूण दिसली नव्हती का? दिव्याभोवती कडं वगैरे?"

टेकचंदजींनी मान खाली घातली. बाईच म्हणाली, "नाही जी. म्या सांगतलंच नाही कोनाले."

बाहेर आल्यावर टेकचंदजी गाडीला पाठ लावून लहान मुलासारखे रडले. बाई हाताने चाचपत त्यांच्यापर्यंत आली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढच्या पोळ्याला ते तिला चिचटोल्याला घेऊन गेले. केवळरामजींनी या खेपेला एकही सल्ला दिला नाही. बाईने सांगितलं म्हणून झूल घातली, पण टपावर, वारा कुठेच अडणार नाही अशी. तलाव भरला होता. टेकचंदजींनी गाडी पाळीवर उभी केली आणि बाईला हात धरून उतरवलं.

"सांग," ती म्हणाली.

"पानी सांडव्यापर्यंत हाये. पाळ मजबूत हाये. दगडाचं काम बरोबर झालं."

"कचेरीत सांगतस तसं नोको सांगू, टेका. कमळं हायेत का?"

टेकचंदजींनी पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं. मग ते सांगत राहिले, कमळं कुठे दाट आहेत, बगळे कसे एका पायावर उभे आहेत, ढीवर डोंग्यातून जाळं कसं फेकतो आहे. बाईचा चेहरा पाण्याकडे होता.

"डाव्या अंगाले मोहाचं मोठं झाड असन."

पाळ बांधताना ते झाड तोडलं होतं. "हाये," टेकचंदजी म्हणाले.

"मंग ठीक हाये," ती म्हणाली.

परतीला बाई मागच्या सीटवर मधोमध बसली. खिडक्यांकडे तिने मान वळवली नाही. गाडी तेल लावल्यासारखी चालली होती. कुई नाही, टिकटिक नाही, काही नाही. बऱ्याच वेळाने बाईने हात पुढे करून भावाच्या खांद्याला शिवून पाहिलं.

"टेका, बंद पडली का रे?"

"नाही बाई. चालू हाये."

"आवाजच नाही येत. मागच्या साली किती बोलत होती."

समोर सडक मोकळी होती, एक जनावरही आडवं नव्हतं. तरी टेकचंदजींनी भोंगा वाजवला. बाईचा चेहरा जरा खुलला. मग पवनी येईपर्यंत थोड्या थोड्या वेळाने ते भोंगा वाजवत राहिले.